काकूची मरी

उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करायचं, हे आम्हा लेकरांनाही ठाऊक होतं. त्या वर्षी आमच्या घरातला पहिला उंदीर कणगीच्या मागं सापडला. आईनं तो चिमट्यात धरून बाहेर नेला, गोवऱ्यांच्या जाळात टाकला, हात राखेनं घासले आणि कुणाशी एक शब्द न बोलता भांडी बांधायला घेतली. पण आम्ही निघायच्या आतच काकूच्या गौराला ताप भरला. काखेत गाठ आली. नुकती कुठं भिंतीला धरून चालायला लागलेली पोर ती, दुसरा दिवस उजाडलेला तिनं पाहिला नाही. सगळं गाव बैलगाड्या जुंपून शिवारात निघालं, तेव्हा आमच्या गाडीत काकू आईला टेकून बसली होती आणि तिची मांडी रिकामी होती. त्या रोगाला सरकारी माणसं ताऊन म्हणत, शिकलेले लोक प्लेग म्हणत. आमच्या गावातल्या बाया मरी म्हणत, आणि तेसुद्धा इकडंतिकडं बघून, हळू आवाजात. नाव घेतलं की ती येते, असं सगळ्यांनाच वाटायचं.

काकू म्हणजे आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, धाकट्या भावाची बायको. तिचं माहेर आळंदच्याही पलीकडं, पक्क्या कानडी मुलखात. मुरूम गावाकडं घरोघर कानडी बोलत, पण आमच्या गावापर्यंत येता येता ती भाषा विरून जायची. गावात कानडी कळणारं आमचंच एक घर, आणि त्यातही आप्पांना बाजारापुरती, आईला नावापुरती. काकू आमच्याशी मराठी बोलायची, पण गौराशी फक्त कानडी. काका गुलबर्ग्याला एका आडतीत कामाला होते. निरोप मिळाल्यावर ते आले, काही दिवस राहिले, काकूशेजारी मुकाट बसले आणि परत गेले. काकू त्यांच्याशीही बोलली नाही. कुणाशीच नाही. जेवायला दिलं तर चार घास खायची, सांगितलं तर आंघोळ करायची, आणि मग खोपीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

खोपी म्हणजे तुराट्यांच्या कुडाच्या झोपड्या, वर कडब्याचं छप्पर. आमच्या दोन होत्या, एकात आई-आप्पा आणि चूल, दुसऱ्यात काकू आणि तिच्या सोबतीला मी. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. बांधापलीकडं भीमाबाईंची खोप, तिच्यापुढं आणखी, अशी रांगच्या रांग. थंडीचे दिवस. जोंधळा पोटरीतून बाहेर पडून दाणा धरत होता, बोरी पिकून पिवळ्या झाल्या होत्या. सकाळी उठलं की कडब्यावरचं दहिवर टपटपायचं, लांबून कुणाच्या तरी जात्याची घरघर यायची, कारण बायांनी बाकी काही नाही तरी जाती गाडीत घालून आणली होती. आई उघड्यावर तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं शिजवायची. त्या उघड्या रानात त्याचा वास असा पसरायचा की गावातल्या घरात तो कधी तसा आल्याचं मला आठवत नाही. शेंगाची चटणी, भाकरी, अंबाडीची भाजी, कधी ताकातली आंबील. मोठ्यांच्या पोटात भीती होती आणि आम्हा लेकरांना मात्र जन्मात पहिल्यांदा आभाळ एवढं मोठं दिसत होतं. हे लिहितानाही जरा संकोच वाटतो, पण ते खरं आहे.

बांधावर उभं राहिलं की गाव दिसायचं. धूर नाही, कोंबडा नाही, माणूस नाही. उन्हं आत जावीत म्हणून दारं उघडी टाकलेली. मी तिथं उभी राहून बघत राहायची. एवढी घरं, आणि त्यातून एकही आवाज येऊ नये, याचं मला भयही वाटायचं आणि डोळाही हलायचा नाही. गाव म्हणजे भिंती नव्हेत, हे मला त्या बांधावर कळलं.

त्याच रिकाम्या गावाकडून ते कुत्र्याचं पिल्लू आलं. दुपारची वेळ होती. आई भाकरी थापत होती, मी शेंगा सोलत होते. बांधावरून काहीतरी घरंगळत खाली आलं आणि पडलं. मला आधी वाटलं, फाटकी वाकळ वाऱ्यानं आली. मग ते उठलं. कातडीवर केस असे नव्हतेच, सगळी खरूज, डोळ्यांना पू, पोट पाठीला लागलेलं आणि मागचं अंग घाणीनं माखलेलं. चार पावलं टाकायचं आणि बसायचं.

“हाकल त्याला, रत्ना! गावातून आलंय ते,” आई ओरडली. “काय घिऊन आलंय कुणाला ठाऊक!” तिनं ढेकूळ उचललं.

ढेकूळ तिच्या हातातच राहिलं, कारण खोपीतून काकू बाहेर आली. किती दिवसांत ती आपणहून उठलेली आम्ही पाहिली नव्हती. पदर सावरण्याचं भान नाही, केस मोकळे. ती सरळ त्या पिल्लापाशी गेली, मानेला धरून त्याला उचललं आणि आपल्या खोपीत घेऊन गेली. आई म्हणाली, “आगं, अगं,” आणि तिनं हातातलं ढेकूळ टाकून दिलं. त्या रात्री आप्पा आईला समजावत होते, “राहू दे. निदान उठली तरी.”

पुढचे दिवस मी दुसरं काही केलं असेल तर ते मला आठवत नाही. मी फक्त काकूकडं बघत होते. ती लिंबाचा पाला उकळून कोमट पाण्यानं पिल्लाला दुपारच्या उन्हात पुसून काढायची. आप्पांनी करंजाचं तेल आणि गंधक आणून दिला, तो खलून अंगाला लावायची. सगळ्या खोपीला तो उग्र वास. आंबील इतकी पातळ करायची की पाण्यासारखी, आणि कापडाची वात भिजवून पिल्लाच्या तोंडात पिळायची. ते ओकायचं, ती पुसायची आणि पुन्हा वात भिजवायची. तोंडानं चकार शब्द नाही. मला वाटायचं, हे आज मरणार, आणि ते मेलं की काकू पण मरणार. रोज सकाळी मी वाकळीतून डोकं काढून आधी पिल्लाचं पोट वरखाली होतंय का ते बघायची.

ते जगलं. आधी ते स्वतःच्या जिभेनं आंबील चाटायला लागलं, मग उठून काकूच्या मागं खोपीभर फिरायला लागलं. आणि मग खरी पंचाईत सुरू झाली, कारण पोटात अन्न जायला लागलं तसं ते बाहेरही यायला लागलं, आणि पोट अजून दुखणाईत. काकूच्या वाकळीवर, माझ्या पायापाशी, सारवलेल्या भुईवर, कुठंही. एकदा तर ते आमच्या मोठ्या खोपीत शिरलं आणि आईनं नुकतं सारवून विभूती ठेवलेल्या कोपऱ्यातच बसलं. आईचा तोल गेला. आमच्याकडं कुत्र्या-मांजरांना वळण लावायची एकच रीत होती. आईनं त्याला मानेला धरलं आणि त्याचं नाक त्या घाणीत घासायला खाली नेलं. तेवढ्यात काकूनं आईचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं नाही. दोघी जावा तशाच एकमेकींकडं बघत राहिल्या. काकूनं नुसती मान हलवली. आईनं हात ढिला सोडला.

काकूनं मग जे केलं ते मला तेव्हा वेडेपणा वाटलं होतं. तिनं ती घाण राखेनं टिपून खापरीत भरली आणि बाहेर बांधाजवळच्या बोरीखाली नेऊन ओतली. जागा पुन्हा सारवली. मग पिल्लाला उचलून बोरीखाली नेलं, त्या वासापाशी ठेवलं आणि स्वतः जरा लांब पाठ फिरवून बसली. मी विचारलं, “काकू, पाठ का फिरवली?” तिनं नुसता पदर सावरला. पण थोड्या वेळानं मीही पाठ फिरवून तिच्याशेजारी बसले, आणि मला आपोआप कळलं. कुणी टक लावून बघत असलं तर आपल्यालाही व्हायचं नाही.

तेव्हापासून तिचा नेमच झाला. पिल्लू झोपेतून उठलं की बोरीखाली. खाऊन झालं की बोरीखाली. खेळता खेळता थांबून भुई हुंगत गोल फिरायला लागलं की उचलून बोरीखाली. झोपताना ती लुगड्याच्या काठाची एक चिंधी पिल्लाच्या गळ्यात बांधायची आणि दुसरं टोक आपल्या अंगठ्याला. ते जरा चुळबुळलं की ही जागी. कितीदा जमायचं नाही. बोरीखाली घटकाभर बसून काहीच करायचं नाही आणि खोपीत पाय ठेवल्याबरोबर सगळं करून मोकळं व्हायचं. मला रडू यायचं. काकू फक्त राख आणायची. माझ्या नातवाच्या पुण्यातल्या घरी आता कुत्र्याला हेच शिकवायला पगारी माणूस येतो. तो परवा नातसुनेला सांगत होता की मारू नका, बघत राहा आणि जमलं की कौतुक करा. मी पलीकडं बसून ऐकत होते. काकूला हे कुणी सांगितलं होतं? तिनं कधी कुत्रं पाळलं नव्हतं. तिच्याकडं फक्त एका लेकराला वाढवल्याचे वर्ष-दीड वर्षाचे हात होते.

एका सकाळी आई चुलीपाशी पीठ मळत होती आणि मी तिच्याजवळ होते. शेजारच्या खोपीतून आवाज आला, “होरग! होरग, मरी, होरग!”

बायकी आवाज, घोगरा, जणू घशाला गंज चढलेला. आईचे हात पिठातच थांबले. काकू पिल्लाला काखेत मारून धावत बोरीकडं गेली, पाठ फिरवून बसली, आणि पिल्लानं काम उरकल्यावर त्याला दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी नेलं. “शाणी, मरी! शाणी!” आई माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पिठाचे असल्यामुळं तिला ते पुसता येत नव्हतं.

कानडीत मरी म्हणजे पिल्लू. होरग म्हणजे बाहेर. आप्पांनी मला समजावून सांगितलं, तरी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आलाच होता. काकूच्या मनात मात्र ते नव्हतंच. तिला पिल्लाला हाक मारायची होती, आणि जीव लावायची तिची भाषा कानडी होती. त्यानंतर ती मरीशी दिवसभर बोलायची. आमच्याशी अजूनही नाही. मी जवळ बसून ते शब्द वेचायची. बा म्हणजे ये. बेडा म्हणजे नको. मरीला ते माझ्याआधी समजायला लागले. केस उगवायला लागले होते, तांबूस, मऊ. एक कान उभा राहायचा, दुसरा राहायचा नाही.

आणि मग ती संध्याकाळ आली. त्या सकाळी रांगेतल्या पलीकडच्या एका खोपीत एका बाप्याला ताप भरला होता. सगळ्या रानावर अवकळा आली होती. कुणी चुली नीट पेटवल्या नव्हत्या, लेकरांना खोपीबाहेर सोडलं नव्हतं. दिवेलागणीच्या वेळेला मरी काकूची नजर चुकवून जोंधळ्यात शिरली. काकू बांधावर उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिनं मोकळ्या गळ्यानं हाक दिली, “मरीऽ! बा, मरी, बाऽ!”

रानातले सगळे आवाज बंद पडले. जातं थांबलं. एक लेकरू रडत होतं, त्याचं तोंड कुणीतरी दाबलं असावं. काकूनं पुन्हा हाक मारली. बा म्हणजे काय ते कळायला कुणाला कानडी यायची गरज नव्हती. हात तसे पसरून, आवाज तसा लांबवून माणूस दुसरं काय म्हणणार!

भीमाबाई आधी आल्या, त्यांच्यामागं बाप्ये, बाया. भीमाबाई वयानं मोठ्या, गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ त्यांनीच कापलेली. त्यांचा आवाज कापत होता. “आप्पा, तुमची भावजय कुणाला बोलवायलीय? सांजच्या पारी, मरीला?”

“न्हाई वो, भीमाबाई,” आप्पा हात जोडून पुढं झाले. “ते कुत्र्याच्या पिल्लाचं नाव हाय. कानडीत पिल्लाला मरी म्हनत्यात. दुसरं काय बी न्हाई त्यात.”

“तुमी सांगितलं, आमाला पटलं,” भीमाबाई म्हणाल्या. “पर जी गावात बसलीय त्या बाईला कोन सांगनार? तिला कुठं कानडी येतंय? तिला तिचं नाव ऐकू आलं, ती यील.”

कुणीही हसलं नाही. आज मला या वाक्याचं हसू येतं, पण त्या संध्याकाळी मीही मनातल्या मनात तोच हिशेब केला होता आणि मला त्याचं उत्तर सापडलं नव्हतं. मागून एकजण म्हणाला, “ते कुत्रं गावातून आलंय. गावात न्हिऊन सोडा. उद्या आमच्या घरात कुणाला झालं तर तुमी भरून देनार हाय का?” दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. आप्पा एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. ही सगळी त्यांची माणसं. जोंधळ्यातून मरी बाहेर येऊन काकूच्या पायाला अंग घासत होती. आप्पा वळले आणि हळूच म्हणाले, “बाई, द्या ते इकडं. एका मुक्या जनावरापायी गावाशी वाकडं नगं.” आणि ते पिल्लू उचलायला वाकले.

त्या थंडीत, रिकाम्या गावात सोडलं असतं तर ती दोन रात्रीही काढू शकली नसती. ते सगळ्यांना माहीत होतं.

काकूनं मरीला उचललं नाही. ती फक्त आप्पांच्या आणि पिल्लाच्या मधे येऊन उभी राहिली. मोठ्या दिरासमोर ती कधी मान वर करून उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि भीमाबाईंकडं बघून मराठीत बोलली. हळू, शब्द शोधत.

“भीमाबाई, माझ्या गौराचं तुमीच पहिलं आंग धुतलं. तुमाला ठाऊक हाय. तिला न्यायला ती आली, तवा मी हाक मारली न्हवती. कुनीच मारली न्हवती. बिनहाकेची आली आन् घिऊन गेली.” तिनं पायाशी असलेल्या मरीकडं बोट दाखवलं. “ही हाक मारल्यावर येती. मी रोज हाक मारती आन् ही येती. माझ्याकडं यायलंय असं दुसरं काय बी न्हाई.”

भीमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मरीला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. तिनं एक जांभई दिली, आणि मग ती थांबून भुई हुंगायला लागली. मी ते ओळखलं. काकूनंही ओळखलं असणार, पण तिचं लक्ष माणसांत अडकलं होतं. मी ओरडणार तेवढ्यात मरी चालायला लागली. माणसांच्या पायांतून वाट काढत, एका बाईच्या नेसण्याखालून, एका बाप्याच्या काठीला वळसा घालून, आपला एक कान उभा धरून ती थेट बोरीखाली गेली. तिला कुणी उचललं नव्हतं, होरग म्हटलं नव्हतं. तिथं ती वाकून बसली. सगळं गाव उभं राहून बघत होतं आणि मरी शांतपणे तिचं काम करत होती. झाल्यावर तिनं मागच्या पायांनी थोडी माती उडवली, तशीच सगळ्यांच्या पायांतून परत आली आणि काकूच्या पावलावर बूड टेकून बसली.

मी पुढं आयुष्यात बरंच पाहिलं. रझाकारांचे दिवस पाहिले, निजामाचं राज्य गेलेलं पाहिलं, आमच्या गावात वीज आली त्या संध्याकाळी मी माहेरी होते. पण छाती आतून भरून यावी, श्वास घ्यायचा राहून जावा, असं मला त्या बोरीखालच्या पिल्लाकडं बघताना पहिल्यांदा झालं. मरणाच्या दारातून आलेला मूठभर जीव, आणि त्याच्या आत कुठंतरी कळलं होतं की हे घर आहे आणि ते बाहेर आहे. ते बाहेरून कुणी आत घातलं नव्हतं. काकूनं फक्त वाट बघितली होती.

भीमाबाईंनी पदर तोंडावरून काढला. “बया,” त्या म्हणाल्या. “आमच्या नातवाला आजून एवढी अक्कल न्हाई.” मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी कुणी. हसणं असं पसरलं की ज्यानं कुत्रं सोडा म्हटलं होतं त्यालाही आवरेना. भीमाबाई पुढं झाल्या, काकूच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी बोटं आपल्या कानशिलावर मोडली. “ठिव तुझी मरी. पर बाई, दिवेलागनीला तेवढं नाव नगं घिऊ. मला म्हातारीला झोप लागायची न्हाई.”

“बरं,” काकू म्हणाली. त्यानंतर सांज झाली की ती नुसत्या टाळ्या वाजवायची. ज्याला ताप भरला होता त्या बाप्याला हिवताप निघाला आणि तो आठवड्यात उठून बसला. हे आधी कळलं असतं तर ती संध्याकाळ झालीच नसती, असं आप्पा नंतर पुष्कळ वेळा म्हणत.

जोंधळा काढून झाला, खळी झाली, तेव्हा तहसिलीतून निरोप आला की गावात जायला हरकत नाही. आप्पांनी आधी जाऊन घरात लिंबाचा पाला आणि गंधक जाळला, गड्यांनी भिंतींना चुना दिला, आईनं मला घेऊन सगळी भुई सारवून काढली. मग काकूला आणलं. ती दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. काखेत मरी. आतल्या खोलीकडं तिची नजर गेली आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच होऊ लागला, भिंतीकडं तोंड केल्यासारखा. आई म्हणाली, “ये, ये आत.” काकू हलली नाही. मी तिचा हात धरला, तो गार होता.

मरीनं आमचं घर कधी पाहिलं नव्हतं. तिनं धडपड करून काखेतून उडी मारली आणि ती आत गेली. चुन्याचा वास, थंड सारवलेली भुई, अंधारे कोपरे. एकेक जागा हुंगत ती आतल्या खोलीत पोचली, तिथं मधोमध थांबली आणि गोल फिरायला लागली. आईनं कपाळाला हात लावला. “गेलं माझं सारवन!”

पण मरी थांबली. तिनं चारी भिंतींकडं पाहिलं, बहुतेक बोर शोधली असावी. मग ती वळून सुसाट पळत सुटली, आमच्या पायांमधून, उंबऱ्यावरून धडपडत अंगणात, गोठ्यामागच्या उकिरड्यापाशी. तिथं वाकून बसल्यावर तिनं काकूकडं वळून पाहिलं.

“होरग,” काकू पुटपुटली. तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं, ती रडतेय. ती हसत होती. तिला ते हसणं आवरत नव्हतं, ती दाराची चौकट धरून हसत होती आणि तसंच हसता हसता, काय करतेय हे लक्षात न येता, तिनं उंबरा ओलांडला. आत गेल्यावर ती जरा वेळ उभी राहिली. मग तिनं पदर खोचला, चुलीपाशी बसली आणि गोवऱ्या मोडून आत सारल्या.

“अक्का,” गौरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं आईला हाक मारून विचारलं, “पीठ कुठं ठिवलंय?”

आईनं हातानं दाखवलं.